विमानातला ऑक्सिजन : बाटली, टोपी आणि सही

सांताक्रूझ_हँगर

शेजारच्या धाग्यावर विमानातल्या पिवळ्या मास्कचा विषय निघाला होता. त्यात खरोखर ऑक्सिजन असतो की प्रवाशांना धीर यावा म्हणून नुसतीच नळी सोडलेली असते, असं एकांनी विचारलं होतं. तिथे लिहीत बसलो असतो तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा. माझी सगळी नोकरी मुंबईत विमान देखभालीत गेली. इंजिनावर बोलायला सगळे तयार असतात, ऑक्सिजनबद्दल मात्र आमच्यातही फारसं कोणी बोलत नाही. विमानात इतकी निमूट पडून राहणारी आणि हयगय झाली तर इतका घात करणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

तर उत्तर असं, की हो, असतो. पण तो कुठून येतो हे विमानावर अवलंबून आहे.

आधी गरज का पडते ते. पस्तीस हजार फुटांवरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो दाब, त्यामुळे फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जात नाही. म्हणून विमानाच्या आत जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असेल इतपत दाब राखतात. काही कारणाने तो गेला आणि आतली स्थिती १४,००० फुटांच्या आसपास पोचली की मास्क आपोआप खाली पडतात. ३५,००० फुटांवर माणूस भानावर राहून हातपाय हलवू शकतो तो अर्धा ते एक मिनिट. 'आधी स्वतःला लावा, मग मुलाला' ही सूचना त्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

वैमानिकांचा ऑक्सिजन बाटलीतून येतो. आम्ही सिलिंडरला बाटलीच म्हणतो. साधारण १,८५० पीएसआय दाबाने भरलेली असते आणि वैमानिकाचा मास्क एका हाताने पाच सेकंदांत चढला पाहिजे असा नियम आहे. प्रवाशांसाठी बोइंग ७४७ सारख्या विमानात बाटल्यांची रांगच असते. पण आपण देशांतर्गत प्रवासाला ज्या विमानांत बसतो त्यांतल्या बहुतेकांमध्ये डोक्यावरच्या पॅनेलमध्ये एक धातूचा डबा असतो. त्याला जनरेटर म्हणतात. त्यात वायू भरलेला नसतोच. मास्क ओढला की दोरीने पिन निघते, बंदुकीसारखा छोटा घोडा ठिणगी पाडणाऱ्या स्फोटक टोपीवर आपटतो, आतलं रसायन पेटतं आणि ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. साधारण १२ मिनिटं पुरतो, काही विमानांत २२ मिनिटांपर्यंत. तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांवर आणतो. एकदा पेटला की बंद करता येत नाही.

हा डबा जागच्या जागी असेल तर चांगला. तो जागा सोडून दुसरीकडे गेला की काय होतं ते ११ मे १९९६ ला दिसलं. व्हॅल्यूजेट कंपनीचं ५९२ क्रमांकाचं डीसी-९ विमान मायामीहून अटलांटाला निघालं आणि दहा मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. सामानाच्या कप्प्यात पाच खोकी होती, त्यांत दुसऱ्या विमानांवरून काढलेले हेच जनरेटर. मुदत संपलेले होते, पण मुदत संपली म्हणजे रसायन संपलं असं नसतं. बहुतेकांतलं रसायन तसंच, न वापरलेलं होतं. सोबतच्या कागदावर मात्र 'रिकामे' असं लिहिलं गेलं. प्रत्येक जनरेटरच्या त्या स्फोटक टोपीवर वाहतुकीसाठी प्लॅस्टिकची छोटी सुरक्षा टोपी घालायची असते, जेणेकरून घोडा चुकून आपटला तरी काही होऊ नये. त्या सुरक्षा टोप्या देखभालीच्या कार्यशाळेत शिल्लक नव्हत्या. घातल्या नाहीत. आणि वर्क कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीवर, घातल्याच्या रकान्यात सह्या झाल्या.

त्या अपघाताचा तपास अहवाल मी नोकरीत असताना वाचला आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या भरवशावर सही मारणाऱ्या पोराला मी कधी सोडलं नाही. काही पैशांची टोपी होती ती.

त्या कप्प्याची रचनाही समजून घ्या. तो हवाबंद होता. धूर ओळखणारं यंत्र नाही, आग विझवणारं नाही. कल्पना अशी, की आग लागलीच तर आतली हवा संपेल आणि ती आपोआप विझेल. जनरेटर स्वतःच ऑक्सिजन तयार करतो म्हटल्यावर ही कल्पनाच मोडीत निघाली. आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. १० ऑगस्ट १९८६ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर एक डीसी-१० उभ्या उभ्या जळून गेलं होतं, कारण तेच, सामानाच्या कप्प्यातला जनरेटर. प्रवासी उतरलेले होते म्हणून त्याची चर्चा झाली नाही. अशा कप्प्यांत धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवायचा नियम अमेरिकेत आला तो १९९८ मध्ये.

अजून लिहिण्यासारखं खूप आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

पूर्वा_डोंबिवली

काका, वाचताना काटा आला. एक शंका. विमानात धूर झाला तर मास्क खाली सोडत नाहीत असं मी ऐकलंय. श्वास गुदमरत असताना ऑक्सिजन द्यायचा नाही, हे उलटं नाही का?

---

सांताक्रूझ_हँगर

पूर्वाताई, अगदी रास्त शंका आहे. प्रवाशांचा मास्क तोंडावर घट्ट बसत नाही. त्याची रचनाच अशी आहे की थोडा ऑक्सिजन नळीतून आणि बाकीची हवा केबिनमधून घ्यायची. केबिनमध्ये धूर असेल तर तो मास्कच्या कडेने आत येणारच. म्हणजे धुरापासून बचाव शून्य, आणि वर आगीच्या जवळ ऑक्सिजन सोडल्याचं पाप. म्हणून धुरात खाली वाकायचं, ओलं कापड नाकाला लावायचं आणि क्रू सांगेल तसं करायचं.

वैमानिकांचा मास्क वेगळा. तो घट्ट बसतो आणि रेग्युलेटर १०० टक्क्यांवर फिरवला की बाहेरची हवा पूर्ण बंद होते. क्रूकडे धुरात डोक्यावर घालायची टोपरीही असते.

आणखी एक. मास्कची पिशवी फुगली नाही म्हणून लोक तो काढून टाकतात. पिशवी न फुगताही ऑक्सिजन येत असतो. आणि मास्क नाक व तोंड दोन्हींवर लावायचा. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या विमानाचं इंजिन फुटलं, तेव्हाचे आतले फोटो जगभर फिरले. बऱ्याच जणांनी फक्त तोंडावर लावला होता.

---

रसायन_गुरुजी

सांगलीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे डब्यात काय आहे ते सांगायचा मोह आवरत नाही.

मुख्य घटक सोडियम क्लोरेट. तापवलं की त्याचं मीठ होतं, आपलं साधं सोडियम क्लोराइड, आणि ऑक्सिजन सुटतो. दोन रेणूंमागे ऑक्सिजनचे तीन रेणू. पण त्याला तापत ठेवायला उष्णता हवी, म्हणून त्यात लोखंडाची भुकटी मिसळतात. ती थोड्या ऑक्सिजनवर जळते आणि बाकीचं क्लोरेट तापवत पुढे सरकते. वरून खाली हळूहळू जळत जाणारा भुईनळाच म्हणा, फक्त ठिणग्यांऐवजी श्वास देणारा. थोडं बेरियम पेरॉक्साइड घालतात कारण या क्रियेत किंचित क्लोरीन सुटतो आणि तो माणसाच्या नाकात जाता कामा नये.

आत तापमान ६०० अंश सेल्सियसच्या घरात जातं. डब्याचा बाहेरचा पत्राही इतका तापतो की त्याला चिकटलेला कागद, पुठ्ठा किंवा पॅकिंगचं हवेच्या फुग्यांचं प्लॅस्टिक (बबल रॅप) सहज पेट घेईल. व्हॅल्यूजेटच्या खोक्यांत नेमकं हेच गुंडाळलेलं होतं, नाही का?

---

सांताक्रूझ_हँगर

हो गुरुजी, हवेच्या फुग्यांचं प्लॅस्टिक आणि पुठ्ठा, आणि शेजारी विमानाची टायरं. तपास यंत्रणेने नंतर तसाच कप्पा रचून आग लावून पाहिली तेव्हा तापमान हजार अंशांच्या पार गेलं.

आणि तुम्ही सांगितलेल्या उष्णतेमुळेच मास्क चालू झाल्यावर केबिनमध्ये जळका वास येतो. डब्यावरची धूळ भाजते, रंग तापतो. प्रवासी घाबरतात की वर आग लागली. तो वास अपेक्षित आहे, मास्क सोडू नका.

---

भोसरीकर

आमचा भोसरी एमआयडीसीत गॅस कटिंगचा धंदा आहे, वडिलांपासून. ऑक्सिजनचे सिलिंडर रोज हाताळतो. मला थेट विचारायचंय: आमच्याकडे येणारा ऑक्सिजन, दवाखान्यातला आणि विमानातला, तिन्ही हवेतूनच काढतात, त्याच प्लांटमध्ये. मग विमानातला वेगळा म्हणून जास्त दराने विकतात ती नुसती कागदाची किंमत नाही का? आमचा वायू ९९.५ टक्के शुद्ध असतो, पुरवठादार तसं लिहून देतो.

---

सांताक्रूझ_हँगर

भोसरीकर, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. हवा थंड करून द्रव करायची आणि उकळबिंदूंच्या फरकावर नायट्रोजन, आर्गॉन, ऑक्सिजन वेगळे काढायचे. टाकीतून बाहेर येणारा द्रव ऑक्सिजन तिघांसाठी एकच असू शकतो. विमानाच्या ऑक्सिजनलाही किमान शुद्धता ९९.५ टक्केच लागते.

पण पैसे लागतात ते पुढच्या गोष्टींना. पहिली म्हणजे पाणी. विमानाच्या ऑक्सिजनमध्ये ओलावा इतका कमी असावा लागतो की त्याचा दवबिंदू उणे ६० अंश सेल्सियसच्याही खाली जातो. तुमच्या टॉर्चमध्ये थेंबभर पाणी आलं तर फार तर ज्योत फडफडेल. विमानात बाटलीतला वायू बारीक झडपेतून सुटताना थंड होतो, विमान थंड हवेत असतं, आणि त्या झडपेत बर्फाचा एक कण अडकला की वैमानिकाचा श्वास अडकला.

दुसरी म्हणजे बाटलीचा इतिहास, आणि मला ही जास्त महत्त्वाची वाटते. कटिंगचा सिलिंडर भोसरीहून निघून कुठे कुठे जातो हे तुम्हीच सांगा. पूर्ण रिकामा करून, झडप उघडी ठेवून परत येणारे किती असतात? उघड्या झडपेतून दमट हवा आत जाते. कधी अॅसिटिलीन उलटा येतो. विमानाची बाटली म्हणूनच पूर्ण रिती करत नाहीत, आत थोडा दाब शिल्लक ठेवतात. पाण्याच्या दाबाची चाचणी ठरलेल्या मुदतीत, बाटलीच्या प्रकाराप्रमाणे तीन किंवा पाच वर्षांनी. तारीख खांद्यावर ठोकलेली असते. ती बघितल्याशिवाय बाटली विमानात चढत नाही.

तर हो, कागदाची किंमत आहेच. ती बाटली कुठून आली, कोणी भरली, कशाची चाचणी झाली याची साखळी त्या कागदावर असते.

---

डॉ_अनघा

पुण्यात छातीविकारतज्ज्ञ आहे. वरच्या चर्चेत एक गैरसमज कोणी आणण्याआधीच दूर करते. 'दवाखान्यातला ऑक्सिजन ओलसर असतो म्हणून विमानात चालत नाही' असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. सिलिंडरमधला वैद्यकीय ऑक्सिजन कोरडाच असतो. रुग्णाच्या खाटेशेजारी जी पाण्याची बुडबुड्यांची बाटली लावतो तिच्यातून जाताना तो ओला होतो.

फरक आहे तो दुसऱ्या प्रकारच्या वैद्यकीय ऑक्सिजनमध्ये. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडच्या बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसले. त्यांतून निघणारा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो. रुग्णासाठी तो उत्तम चालतो. विमानाच्या बाटलीसाठी नाही.

त्या एप्रिलमध्ये उद्योगांचे सिलिंडर दवाखान्यांकडे वळवले गेले ते भोसरीकरांना आठवत असेलच. तेव्हा वायूपेक्षा सिलिंडरची स्वच्छता हीच आमची काळजी होती. आणि रंग बघत राहणं. आपल्याकडे वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदा पांढरा. औद्योगिक पूर्ण काळा. घाईत रंग बदललेले सिलिंडरही आले होते, तेव्हा नळीला जोडण्याआधी मीटरने तपासल्याशिवाय मी एकही सोडला नाही.

---

भोसरीकर

आठवतंय डॉक्टर. आमचं शॉप बंद ठेवून सगळे सिलिंडर देऊन टाकले होते. इतिहासाचा मुद्दा पटला. आमच्याकडे एक गोष्ट मात्र पक्की आहे: अॅसिटिलीनचे आटे डावे, ऑक्सिजनचे उजवे. कितीही नवखा पोरगा असला तरी उलटं जोडता येत नाही. विमानात असं काही असतं का?

---

मेलबर्नचा_मंदार

भोसरीकर, तुमच्या प्रश्नाला जोडून. इथे मेलबर्नमध्ये २००७ च्या शेवटी वर्तमानपत्रांत मोठी बातमी आली होती. विमानतळावर क्वांटासच्या विमानांचा ऑक्सिजन भरायला एक नवीन गाडी आणली होती, आणि काही महिन्यांनी लक्षात आलं की तिच्यात ऑक्सिजन नाही, नायट्रोजन आहे. टायरमध्ये भरायचा नायट्रोजन. त्या गाडीचं फिटिंग विमानाच्या ऑक्सिजनच्या तोंडाला बसतच नव्हतं, बसू नये म्हणूनच ते वेगळं केलेलं असतं. बातम्यांनुसार जुन्या ऑक्सिजनच्या गाडीवरचं फिटिंग काढून नवीन गाडीला लावलं गेलं. मग बसलं.

मी तेव्हा नुकताच इथे आलो होतो. त्या काळात ज्या विमानांनी प्रवास केला त्यांत तीच गाडी लागली होती का, याचा विचार कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हता. सुदैवाने त्या काळात कुठल्याही विमानाला त्या ऑक्सिजनची गरज पडली नाही.

---

सांताक्रूझ_हँगर

मंदार, ही घटना आमच्याकडे प्रशिक्षणात सांगायचे. ऑक्सिजनचं तोंड आणि नायट्रोजनचं तोंड एकमेकांना बसत नाही, ही या क्षेत्रातली सगळ्यांत शहाणी युक्ती आहे. रंग उडतो, लेबल फाटतं, माणूस दमतो. आटे खोटं बोलत नाहीत. फिटिंग बसत नाही म्हणजे ते ओरडून सांगतंय की थांब. त्या क्षणी पाना बाजूला ठेवून बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं असतं. अॅडॅप्टर शोधायचा नसतो.

---

डॉ_अनघा

नायट्रोजन इतका भयंकर का, ते सांगते. श्वास कोंडला की जी तडफड होते ती ऑक्सिजन कमी पडल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. शुद्ध नायट्रोजन घेताना कार्बन डायऑक्साइड प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच असतो. त्यामुळे माणसाला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. मास्क लावलाय, श्वास चाललाय, सगळं ठीक आहे असं वाटता वाटता पंधरा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते. मास्कविना असलेल्या माणसापेक्षाही लवकर, कारण उरलासुरला ऑक्सिजनही धुऊन निघतो.

---

पूर्वा_डोंबिवली

बाप रे.

---

ओझरवाला

एचएएलच्या ओझर कारखान्यात होतो, म्हणून लढाऊ विमानांचं थोडं. तिथे आता बाटल्या भरण्याऐवजी विमानातच ऑक्सिजन तयार करतात. इंजिनातून येणारी दाबाची हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या थरातून नेली की नायट्रोजन थरात अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. आर्गॉन अडकत नाही, म्हणून ९५ टक्क्यांच्या वर जात नाही. तेजससाठी बंगळुरूच्या डेबेल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने अशी यंत्रणा बनवली आणि ४ मार्च २०२५ ला ५०,००० फुटांपर्यंत तिची चाचणी झाली. डॉक्टरांनी म्हटलेल्या रुग्णालयांतल्या प्लांटपैकी बरेच याच कामातून आलेल्या तंत्रावर उभे आहेत, मिनिटाला १,००० लिटर देणारे. लढाऊ वैमानिकासाठी केलेलं काम सरकारी दवाखान्यातल्या खाटेपर्यंत पोचलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण बाटली गेली म्हणून काळजी गेली असं नाही. अमेरिकेच्या एफ-२२ विमानांच्या वैमानिकांना हवेत गरगरायला, गोंधळायला होत होतं. २०११ मध्ये सगळा ताफाच काही महिने जमिनीवर ठेवला. आधी सगळ्यांना वायूतच विष आहे असं वाटलं. शोधता शोधता निघालं ते वेगळंच: वैमानिकाच्या अंगातलं दाबाचं जाकीट नको तेव्हा फुगत होतं, कारण त्याची झडप सदोष, आणि वायू गाळायला लावलेला कोळशाचा फिल्टरही श्वास अडवत होता.

---

तर्कशुद्ध

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक आक्षेप. रोज जगात हजारो उड्डाणं होतात. ऑक्सिजनमुळे झालेले अपघात बोटांवर मोजण्याइतके. अशा धाग्यांमुळे आधीच विमानाला घाबरणारे आणखी घाबरतात. हे प्रमाणात मांडायला नको का?

---

सांताक्रूझ_हँगर

मांडायला हवं, आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे की धोका फार थोडा आहे. मी स्वतः आजही निर्धास्त बसतो विमानात. पण तो थोडा का आहे? कुणीतरी दर वेळी टोपी घालतं, तारीख बघतं, हात धुतं म्हणून.

हात धुण्याचं सांगतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला असा जाळतो की एरवी पेट न घेणारी वस्तूही पेटते. बाटलीची झडप झटकन उघडली तर पुढच्या नळीतली हवा एका क्षणात दाबली जाऊन शेकडो अंश तापते. तिथे तेलाचा पुसट डाग असला तरी तो पेटतो, त्याच्यावर सील पेटतं, मग धातू. म्हणून आमच्याकडे शिकवण अशी: हात स्वच्छ, हत्यार स्वच्छ आणि फक्त ऑक्सिजनसाठी ठेवलेलं, झडप उघडताना इतकी हळू की काटा चढताना दिसला पाहिजे. गळती शोधायलाही घरचा साबण नाही, त्यात चरबी असते. त्यासाठी वेगळं द्रावण येतं. मी नवीन मुलांना झडपेवर हात ठेवायला लावून वर माझा हात ठेवायचो, म्हणजे वेग अंगवळणी पडतो.

आणि या सगळ्यातूनही काही निसटतं. २५ जुलै २००८ ला हाँगकाँगहून मेलबर्नला जाणाऱ्या क्वांटासच्या ७४७ मध्ये २९,००० फुटांवर एक ऑक्सिजनची बाटली फुटली. विमानाच्या अंगाला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं, बाटलीचा वरचा भाग केबिनची जमीन फोडून वर आला, दाराच्या मुठीवर आदळला आणि परत खाली गेला. आतले ३६५ जण मनिलाला सुखरूप उतरले. तपासात त्याच जातीच्या बाटल्या नाना प्रकारे तपासल्या, पण ती बाटली समुद्रात गेल्यामुळे ती का फुटली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

२९ जुलै २०११ ला कैरोला इजिप्तएअरच्या बोइंग ७७७ च्या कॉकपिटमध्ये विमान उभं असतानाच आग लागली. सहवैमानिकाच्या ऑक्सिजनच्या नळीपासून. नळी चेपू नये म्हणून आत धातूची स्प्रिंग असायची, आणि तिच्यात वीज शिरू शकते हे त्यातून पुढे आलं. पुढे अशा नळ्या बदलून वीज न वाहणाऱ्या लावायचे आदेश निघाले. हीच आग तासाभराने हवेत लागली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

घाबरवायचा हेतू नाही. नळ्या बदलल्या गेल्या, कप्प्यांत यंत्रणा आली, हे सगळं लोकांनी या घटनांवर तपशिलात बोलल्यामुळे झालं.

---

तर्कशुद्ध

समजलं. नळीचा भाग मला माहीत नव्हता. धन्यवाद.

---

गिरगावकर_मीनल

२० सप्टेंबर २०१८ ची जेट एअरवेजची मुंबई-जयपूर फेरी कोणाला आठवते का? दाबाचा स्विच लावायचा राहिला म्हणून विमान परत मुंबईला आलं होतं. मास्क पडले होते तरी तीसेक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. माझ्या ओळखीच्या एक बाई त्यात होत्या. त्या ठाम सांगतात की मास्कमध्ये ऑक्सिजन नव्हता, नाहीतर रक्त कसं आलं असतं?

---

डॉ_अनघा

मीनल, ऑक्सिजन असूनही रक्त आलं असतं. मास्क ऑक्सिजन देतो, दाब देत नाही. बाहेरचा दाब झपाट्याने बदलला की कानाच्या पडद्यामागची आणि सायनसमधली हवा फुगते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. सर्दी असलेल्यांना जास्त. ज्यांचा कान अजून वाजतो किंवा कमी ऐकू येतं त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं, दुर्लक्ष करू नये.

---

सह्याद्री_ते_लडाख

आमचा ग्रुप जूनमध्ये लेहला जातोय. दुकानात ऑक्सिजनचे छोटे कॅन मिळतात, ते मुंबईहून घेऊन जावेत का? आणि एका सदस्याच्या आई सोबत आहेत, त्या घरी रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावतात. त्यांना विमानात काय परवानगी मिळेल?

---

सांताक्रूझ_हँगर

कॅन मुंबईहून अजिबात नेऊ नका. ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. दाबाखालचा ऑक्सिजन आहे तो, पकडला जाईलच, आणि नजरचुकीने गेला तर सामानाच्या कप्प्यात नको असलेली वस्तू गेली. लागलाच तर लेहमध्ये घ्या.

लेहच्या मार्गाचं एक सांगण्यासारखं आहे. विमानतळच १०,६८२ फुटांवर आहे आणि वाटेतले डोंगर त्याहून कितीतरी उंच. दाब गेला तरी वैमानिकाला लगेच १०,००० फुटांवर उतरता येत नाही. म्हणून अशा मार्गांवर कुठून कुठे वळायचं हे आधी आखलेलं असतं आणि प्रवाशांचा ऑक्सिजन तितका वेळ पुरेल असं विमान लावावं लागतं. कुठलंही विमान उचलून लेहला पाठवता येत नाही ते यामुळेही.

---

डॉ_अनघा

आईंसाठी आधी माझा प्रश्न: रात्री ऑक्सिजन लागतो त्या व्यक्तीने लेहला जावं का? विमानाच्या केबिनमध्येच समुद्रसपाटीवर १५ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखी स्थिती असते, आणि लेह त्याहून उंच. त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. मी त्यांची डॉक्टर असते तर नको म्हटलं असतं.

दुसऱ्या कुठल्या प्रवासासाठी विचारत असाल तर: घरचा मोठा कॉन्सन्ट्रेटर चालत नाही, बॅटरीवरचा छोटा चालतो. विमानात वापरायला मान्यता असल्याचं त्याच्यावर छापलेलं हवं. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून किमान दोन-तीन दिवस आधी द्या. उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या बहुतेक कंपन्या मागतात, आणि जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून. स्वतःचा भरलेला सिलिंडर घेऊन विमानतळावर जाऊ नका, कंपनीने लेखी हो म्हटल्याशिवाय.

---

सह्याद्री_ते_लडाख

डॉक्टर, काकूंना आणि त्यांच्या मुलाला हा प्रतिसाद तसाच वाचून दाखवला. त्या येणार नाहीत असं ठरलं. त्यांना सोबत म्हणून मुलगाही थांबतोय. मनापासून आभार.

---

पूर्वा_डोंबिवली

काका, शेवटचा प्रश्न. आम्ही प्रवासी बाहेरून बघून ऑक्सिजनबद्दल काही ओळखू शकतो का? मुलगा विमानवेडा आहे, त्याला दाखवायला.

---

सांताक्रूझ_हँगर

त्याला विमानाच्या पोटाजवळ, पुढच्या भागात हिरवी गोल चकती शोधायला सांगा. साधारण रुपयाच्या नाण्याहून मोठी. मॉडेलप्रमाणे जागा बदलते, सगळ्या विमानांना नसते, पण बसने विमानापर्यंत गेलात तर पुष्कळदा दिसते. बाटलीत दाब वाजवीपेक्षा वाढला, समजा जास्त तापली, तर वायू आत न सुटता नळीने बाहेर सुटतो आणि जाताना ती चकती उडवून देतो. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो तेव्हा ती जागेवर आहे का बघतो. चकती दिसली म्हणजे बाटली भरलेली आहे असं मात्र त्याला सांगू नका. ती फक्त दाब बाहेर सुटलेला नाही एवढंच सांगते. किती भरली आहे ते कॉकपिटमध्ये दाब वाचून ठरतं, आणि विमानात किती माणसं क्रूमध्ये आहेत त्याप्रमाणे किमान आकडा बदलतो. तो कमी असेल तर बाटली बदलल्याशिवाय विमान निघत नाही.